क्रॅनमियरच्या दलदलीतली पेटी: लेटरबॉक्सिंग पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

माळावर एखाद्या खडकाखाली कुणीतरी एक डबी लपवून ठेवतं. डबीत एक रबरी शिक्का आणि एक छोटी वही. डबी कुठे आहे याचा सुगावा दोन-तीन ओळींत दिलेला असतो: अमुक टेकडी होकायंत्रावर इतक्या अंशांवर, तमुक दगडापासून इतकी पावलं. तुम्ही ती डबी शोधायची, तिच्यातल्या शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत घ्यायचा, आपल्या शिक्क्याचा ठसा तिच्या वहीत उमटवायचा आणि सगळं जसं होतं तसं ठेवून निघायचं. बक्षीस नसतं, वस्तूंची अदलाबदलही नसते. याला लेटरबॉक्सिंग म्हणतात.

याची सुरुवात इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हन परगण्यातल्या डार्टमूरवर झाली. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा हौशी प्रवाशांना माळरानावर फिरवणारा वाटाड्या. क्रॅनमियर पूल (इंग्रजीतला 'पूल', म्हणजे तळं) हे उत्तर डार्टमूरमधलं सगळ्यांत आडवळणाचं ठिकाण. १८५४ साली त्याने तिथे दगडांची छोटी रास रचून तिच्यात एक बाटली ठेवली. इथवर पोचलेल्याने आपलं कार्ड बाटलीत टाकावं, एवढीच कल्पना. पुढे १९०५ मध्ये तिथे अभ्यागतांची वही आली. लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली, तिकीट लावलेली पोस्टकार्डं ठेवू लागले आणि पुढचा येणारा ती खाली नेऊन टपालात टाकू लागला. १९३७ मध्ये तिथे पक्की पेटी बांधली गेली. दुसरी पेटी १८९४ मध्ये बेलस्टोन टॉरवर (टॉर म्हणजे टेकडीमाथ्यावरचा ग्रॅनाइटचा उघडा कडा) आणि त्यानंतरची नावाजलेली १९३८ मध्ये डक्स पूलला आली. अनेक दशकं अशा पेट्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. १९८० च्या दशकापर्यंत त्या हजारांत गेल्या. अमेरिकेत हा छंद १९९८ नंतर एका मासिकातल्या लेखामुळे पसरला. जीपीएसच्या मदतीने डब्या शोधायचं जिओकॅशिंग त्याच्याही नंतरचं, २००० सालचं.

मी एक्सेटरला शिकत होते तेव्हा क्रॅनमियरला गेले होते आणि बऱ्याच वर्षांनी अलीकडे पुन्हा जाऊन आले. हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, शिकायला किंवा नोकरीला त्या भागात नव्याने गेलेले, किंवा मुलांकडे दोन-तीन महिने राहायला जाणारे आणि पायांत बळ असलेले आईवडील. दुसरे, माझ्यासारखे पूर्वी तिथे राहून गेलेले आणि पुन्हा एकदा जावं असं वाटणारे. दुसऱ्या गटाला एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे: दलदलीत आठवणीच्या भरवशावर वाट काढू नका. तिथली जमीन बदलते, पाणी जागा बदलतं आणि होकायंत्राची सुईसुद्धा वर्षांनुवर्षं थोडी थोडी सरकते. तुमच्या जुन्या वहीतला सुगावा आज जसाच्या तसा चालणार नाही. तो कसा दुरुस्त करायचा ते पुढे येईलच.

आधी शिक्का कोरा

विकतचा शिक्का चालतो, पण स्वतः कोरलेल्याची मजा वेगळी आणि ते अवघड अजिबात नाही. मोठं पांढरं खोडरबर घ्या. लिनोवर कोरायच्या बारीक पात्यांचा संच चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात मिळतो. तो नसेल तर धारदार क्राफ्ट चाकूही पुरतो. चित्र साधं निवडा. बारीक रेषांपेक्षा भरीव आकार ओल्या कागदावरही स्पष्ट उठतो.

नवख्यांची गडबड होते ती उलट्या प्रतिमेत. ठसा सुलटा यायचा तर कोरीवकाम उलटं हवं, आणि देवनागरी अक्षरं कोरायची असतील तर हे फारच महत्त्वाचं. 'क' आरशात पाहिला की ओळखू येत नाही. सोपा उपाय असा: ट्रेसिंग कागदावर मऊ पेन्सिलीने अक्षर सुलटं लिहा, कागद पालथा करून खोडरबरावर ठेवा आणि मागून नखाने घासा. पेन्सिलीची रेघ रबरावर आपोआप उलटी उतरते. आता तिच्या आजूबाजूचं रबर काढा. पातं नेहमी स्वतःपासून दूर चालवा आणि कडा आतल्या बाजूला तिरकी कापू नका, नाहीतर रेघेखाली आधार राहत नाही आणि ती दाबल्यावर वाकते. शिरोरेषा जरा जाड ठेवा. सगळी अक्षरं तिला लटकलेली असल्याने ती तुटली तर शब्द विस्कटतो.

शिक्क्यात टोपणनाव घालायची पद्धत आहे. पूर्ण नाव, पत्ता, फोन वहीत लिहू नये. ती वही कुणाच्याही हाती पडू शकते. टोपणनाव मात्र देवनागरीत लिहायला संकोच करू नका. डबीच्या मालकाला असा अनोळखी लिपीतला ठसा पाहून आनंदच होतो.

वही कोऱ्या पानांची, जाड कागदाची आणि शिवलेली घ्या. स्पायरलची तार पावसात गंजते. शाईचा पॅड स्वतःचा न्या, डबीतला बहुतेक वेळा सुकलेला असतो. लिहायला पेन्सिल, कारण ओलसर कागदावर बॉलपेन चालत नाही. हे सगळं दोन पिशव्यांत, एकीत दुसरी घालून घट्ट बंद करा.

दिवस ठरवणं

क्रॅनमियर लष्कराच्या ओकहॅम्प्टन रेंजच्या आत येतं. तिथे खऱ्या दारूगोळ्याचा सराव चालतो. सरावाच्या दिवशी रेंजच्या आत जायचं नाही, यात वाटाघाट नाही. सरावाचं वेळापत्रक संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावर आधी प्रसिद्ध होतं. ते निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा पाहा. प्रत्यक्षात सराव असेल तर ठरलेल्या टेकड्यांवर दिवसा लाल निशाणं आणि रात्री लाल दिवे असतात. रेंजची हद्द लाल-पांढऱ्या खांबांनी दाखवलेली आहे. निशाण दिसलं की खांबांच्या बाहेर थांबा.

याच कारणाने एक नियम पाठ करून ठेवा: गवतात दिसलेल्या धातूच्या वस्तूला हात लावायचा नाही. काही जुन्या लेटरबॉक्स दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्यांच्या होत्या हे खरं, पण तुमची डबी सुगाव्याने सांगितलेल्या जागीच असेल. वाटेत सहज दिसलेली वस्तू डबी नव्हे.

मोसमाचं म्हणाल तर मे ते सप्टेंबर. दिवस मोठे असतात, जून-जुलैत तर रात्री नऊपर्यंतही उजेड राहतो. डार्टमूरच्या उंच भागात वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणाच्या तुलनेत हा आकडा कमी वाटेल, पण तो चार महिन्यांत संपत नाही. बाराही महिने थोडा थोडा पडतो आणि बरोबर धुकं घेऊन येतो. धुक्याचा अंदाज असेल तर पहिल्या फेरीला सरळ दुसरा दिवस धरा.

आणि पहिली डबी म्हणून क्रॅनमियर निवडू नका. आधी गावाजवळच्या एखाद्या टॉरभोवती दोन-चार डब्या शोधा. बेलस्टोनच्या आसपास हे छान जमतं. होकायंत्रावर हात बसला की मग आत शिरा.

पोचायचं कसं

एक्सेटरहून ओकहॅम्प्टनला जाणारी नेहमीची रेल्वेसेवा अनेक दशकं बंद होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. आम्ही शिकत होतो तेव्हा बसच्या वेळा सांभाळत दिवस संपायचा. आता साधारण पाऊण तासात तुम्ही माळरानाच्या पायथ्याशी असता. परत जाणाऱ्यांसाठी हा सगळ्यांत सुखद बदल.

स्टेशनवरून चढ चढून लष्करी छावणीपाशी यायचं आणि पुढे डांबरी लष्करी रस्त्याने दक्षिणेला. हा रस्ता ओकमेंट हिलजवळच्या जुन्या निरीक्षण चौकीपर्यंत जातो. नकाशावर आणि लोकांच्या बोलण्यात तिचं नाव ओपी १५. तिथून क्रॅनमियर दक्षिणेला सुमारे दोन किलोमीटर. एकूण जाऊन-येऊन २० किलोमीटरच्या आसपास धरा. डांबरी रस्त्यावर तुमचा वेग नेहमीचा राहील, पण शेवटच्या दोन किलोमीटरला एक तास द्या. वाट खरी तिथेच सुरू होते.

नकाशा हवा ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ओएल २८, १:२५,००० प्रमाणाचा. क्रॅनमियरचा ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारा आकडा, एसएक्स ६०३ ८५८. फोनमध्ये नकाशा ठेवाच, पण कागदी नकाशाही न्या. पावसात ओल्या बोटांनी फोनचा पडदा चालत नाही.

होकायंत्र मात्र ब्रिटनमध्येच विकत घ्या. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे जाताना जमिनीत जास्त तिरकं शिरतं, म्हणून होकायंत्राची सुई त्या त्या पट्ट्यासाठी तोललेली असते. पुण्यात घेतलेल्या होकायंत्राची सुई डेव्हनमध्ये एका बाजूला झुकून तळाला घासू शकते आणि आकडा चुकीचा दाखवते. आकडा घेताना फोन खिशात ठेवून हात लांब करा. फोनमधल्या चुंबकाने सुई सहज हलते.

सुगावा वाचणं

सुगावे कुठून मिळतात? निदान शंभर डब्या शोधलेल्यांचा '१०० क्लब' आहे आणि त्यांची सुगाव्यांची यादी निघते. काही डब्या कुठल्याच यादीत नसतात, त्यांचा पत्ता तोंडी फिरतो. काही वेळा एका डबीतच दुसरीचा सुगावा मिळतो. क्रॅनमियरची पेटी मात्र नकाशावरच आहे, तिला सुगावा लागत नाही. पण तिथवर जाताना वाटेत दुसरी एखादी डबी धरली तर दिवसाचं सोनं होतं.

उदाहरणासाठी मी एक सुगावा रचते: 'यस टॉर ३२८, स्टीपर्टन टॉर ४५, पलंगाएवढ्या खडकाच्या दक्षिणेला, दगडाआड.' याचा अर्थ, डबीच्या जागी उभं राहून पाहिलं तर यस टॉरचा माथा ३२८ अंशांवर आणि स्टीपर्टनचा ४५ अंशांवर दिसतो. रीत अशी. आधी दोन्ही टॉर नकाशावर शोधा. प्रत्येकापासून उलट दिशेला पेन्सिलीने रेघ ओढा, म्हणजे ३२८ मधून १८० वजा करून १४८ आणि ४५ मध्ये १८० मिळवून २२५. दोन रेघा छेदतात ती जागा. नकाशावर ती अंदाजे सापडली की तिथे चालत जा आणि होकायंत्र हातात घ्या. पहिल्या टॉरचा आकडा जुळेपर्यंत आडवे सरका. मग त्या रेषेवर पुढे-मागे जाऊन दुसरा जुळवा. दोन्ही जुळले की शोध तुमच्या भोवतीच्या दहा-पंधरा मीटरांचा उरतो. तिथून पुढे होकायंत्र खिशात आणि डोळे जमिनीवर.

पावलांचा हिशोब असेल तर आपलं पाऊल आधी मोजून ठेवा. मोजलेल्या १०० मीटरांत तुमची किती पावलं पडतात ते घराजवळच्या मैदानात पाहा. सुगावा लिहिणारा सहा फुटी असेल तर त्याची वीस पावलं म्हणजे तुमची पंचवीस असू शकतात.

जुनी वही घेऊन जाणाऱ्यांसाठी

चुंबकीय उत्तर एका जागी राहत नाही. ब्रिटनच्या या भागात गेल्या दोन दशकांत ते साधारण तीन अंश पूर्वेला सरकलं आहे. सुगाव्यातले अंश होकायंत्रावर थेट वाचलेले असतात, म्हणून वीस वर्षांपूर्वी लिहिलेला आकडा आज तीन अंश जास्त ठरतो. जुन्या वहीत ३३१ असेल तर आज ३२८ पाहा. तीन अंश किरकोळ वाटतात, पण एक किलोमीटरवरच्या टॉरवरून आकडा धरला तर तेवढ्याने तुम्ही पन्नासेक मीटर बाजूला जाता. गुडघाभर गवतात पन्नास मीटर म्हणजे डबी न सापडणं. माझ्या जुन्या वहीतले आकडे मी अशीच वजाबाकी करून वापरले आणि ते बसले.

दुसरा बदल पाण्याचा. डार्टमूरच्या उंच पठारावर पीटचा थर आहे, म्हणजे न कुजलेल्या शेवाळाचा आणि गवताचा हजारो वर्षं साचलेला काळा, ओला थर, काही ठिकाणी कित्येक मीटर खोल. चर पडून, ओघळ कापले जाऊन तो वाळत चालला होता. अलीकडच्या वर्षांत त्या ओघळांत लाकडाचे आणि पीटचेच छोटे बांध घालून पाणी अडवलं जातं. थर ओला राहिला की त्यातला कार्बन हवेत जात नाही, आणि शेवाळ पुन्हा धरतं. चालणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पूर्वी ज्या कोरड्या घळीतून तुम्ही आरामात गेलात तिथे आज लागोपाठ डबकी असू शकतात. वळसा घाला. बांधांवर पाय देऊन पलीकडे जाऊ नका, ते खचतात. मला हा बदल मनापासून आवडला. वाट लांबली, पण जमीन जिवंत झाल्यासारखी वाटते.

गंमत म्हणजे क्रॅनमियर पूलमध्ये तळं उरलेलंच नाही. नावात पूल असला तरी आज तो पीटमधला एक उथळ खोलगट भाग आहे, अगदी काठावर जाईपर्यंत दिसत नाही. पाणी का गेलं याची एक लोककथा तिथे सांगतात. ओकहॅम्प्टनचा बेंजी गिअर नावाचा नगराध्यक्ष मेल्यावर भूत होऊन लोकांना छळू लागला. त्याला शिक्षा म्हणून चाळणीने हे तळं उपसायला लावलं. त्याने मेलेल्या मेंढीचं कातडं चाळणीत अंथरलं आणि तळं उपसून टाकलं, इतक्या वेगाने की खाली ओकहॅम्प्टनला पूर आला.

दलदलीत चालणं

रंग वाचायला शिका. पिवळट, ताठ गवताचे उंचवटे पाय धरतात, गुडघ्याला त्रास देतात पण बुडवत नाहीत. पांढऱ्या कापसासारखे तुरे दिसले की जमीन ओली आहे, जपून. आणि सपाट, पोपटी, मखमली हिरवळ दिसली तर तिच्यावर पाऊल टाकायचंच नाही. ती पाण्यावर तरंगणाऱ्या शेवाळाची साय असते. खाली किती पाणी आहे हे वरून कळत नाही. हिरवळ जितकी देखणी, तितकी दूर ठेवावी.

काठी आणा आणि शंका आली की आधी काठी टाका. पाय रुतलाच तर दुसरा पाय जवळ आणून जोर लावू नका. मागे झुकून, हातांवर वजन देऊन हळू काढा. एकट्याने जाऊ नका. घरी कुणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवा. अडचण आली तर ९९९ वर पोलीस मागून माउंटन रेस्क्यू हवं असं सांगायचं आणि ग्रिड संदर्भ वाचून दाखवायचा. फोनला रेंज नसते अशा जागा तिथे आहेत, म्हणून शिट्टीही जवळ ठेवा.

उत्तर डार्टमूरवर पीट कापून केलेल्या काही अरुंद वाटा आहेत. ओकहॅम्प्टनच्या फ्रँक फिलपॉट्सने गुरं आणि घोडेस्वार नेता यावेत म्हणून त्या कापल्या. त्यांच्या तोंडाशी ग्रॅनाइटचे छोटे खांब आहेत. असा खांब दिसला तर वाट पकडा, तळ टणक असतो.

मे-जूनमध्ये जमिनीवर घरटी असतात. डनलिन नावाचा, आपल्या तुतवारांच्या कुळातला छोटा पक्षी या पीटवर वीण करतो. पक्षी तुमच्याभोवती ओरडत फिरू लागला तर घरटं जवळ आहे असं समजून तिथून निघा, डबी राहिली तरी चालेल. कुत्रा बरोबर असेल तर १ मार्च ते ३१ जुलै त्याला आखूड दोरीवर ठेवणं बंधनकारक आहे.

डबी सापडल्यावर

लगेच उघडू नका. आधी ती कशी ठेवली आहे ते पाहा: कुठला दगड वर, कुठली बाजू आत. शक्य तर फोटो काढा. मग वाऱ्याकडे पाठ करून बसा आणि वही कोरडी राहील अशा बेताने ठसे घ्या. आधी डबीचा शिक्का तुमच्या वहीत, मग तुमचा तिच्या वहीत. तारीख लिहा. वेळ असेल तर हवा कशी होती याची एक ओळ लिहा, मालकाला तेच वाचायला आवडतं. शिक्का पुसून परत ठेवा, झाकण घट्ट लावा, दगड होता तसा लावा. दुसरे कुणी चालत येताना दिसले तर त्यांना शोधाचा आनंद मिळू द्या, बाजूला व्हा.

जुनी नोंद सापडेल अशी आशा ठेवून जाऊ नका. भरलेल्या वह्या काढून नेल्या जातात. तुमची खूण तुमच्याच वहीत राहते, म्हणून ती नीट जपा.

पेटीत कुणाचं पोस्टकार्ड आढळलं तर ते खाली आणून टपालात टाकणं ही इथली जुनी रीत. स्वतःचं ठेवायचं असेल तर एक व्यावहारिक सूचना: जुन्या मुक्कामातली राणीचा साधा चेहरा असलेली, बारकोड नसलेली तिकिटं २०२३ पासून चालत नाहीत. सणावाराची, चित्रांची तिकिटं चालतात. साताऱ्याला कार्ड पाठवायचं तर परदेशी दराचं तिकीट आधीच लावून न्या.

स्वतःची डबी ठेवायची असेल तर

घाई नको. पाच-दहा डब्या शोधल्यावर चांगली जागा कशाला म्हणतात ते कळतं. डार्टमूरवर याचे नियम ठरलेले आहेत: प्राचीन दगडी रांगा, वर्तुळं, थडगी, पडकी घरं, भिंती यांच्यात किंवा जवळ डबी ठेवायची नाही. धोक्याच्या जागी नाही. सिमेंट वापरायचं नाही, काही बांधायचं नाही. क्रॅनमियरची पेटी पक्की आहे कारण ती या नियमांच्या आधीची. पीट खणून डबी पुरणं तर मुळीच नको.

दुसऱ्या देशात राहत असाल तर डबी ठेवूच नका असं माझं मत आहे. वर्षातून निदान एकदा जाऊन वही बदलायला, पाणी शिरलं का ते पाहायला जमत नसेल तर ती डबी वर्षभरात कचरा होते. त्याऐवजी शोधलेल्या डबीत शिक्का झिजलाय, झाकण फुटलंय असं दिसलं तर यादीत दिलेल्या पत्त्यावर मालकाला कळवा.

परत आल्यावर मोजे काढून पायांवर, गुडघ्यामागे गोचीड आहे का ते पाहा. असेल तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरू लागलं तर डॉक्टरांना दाखवा. वही उघडी करून पंख्याखाली नाही, साध्या हवेत वाळवा. ओल्या ठशावर गरम हवा लागली की कागद वाकतो. बुटांना चिकटलेलं पीट ओलं असतानाच धुवा, वाळल्यावर ते शिवणीतून निघत नाही.